‘शिळं’ कधी म्हणायचं, कधी नाही

कोथरूडला माझ्याकडे संध्याकाळी मराठी शिकायला येतात ती बहुतेक नोकरीसाठी पुण्यात आलेली, बाहेरच्या राज्यांतली मुलं. त्यातल्या एकानं घरमालकीणबाईंनी दिलेला डबा उघडला आणि म्हणाला, “काकू, पोळी शिळी आहे.” त्याला ‘गार’ म्हणायचं होतं. काकूंनी पोळ्या सकाळीच लाटल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, डबा उचलून आत गेल्या. तेव्हापासून हा शब्द मी पहिल्याच आठवड्यात शिकवते.

आता गरम नाही ते गार. मध्ये रात्र गेली की शिळं. सकाळचा भात संध्याकाळी नुसता ‘सकाळचा’. दुसऱ्या दिवशी तोच शिळा. आणि शिळं म्हणजे खराब नव्हे, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. फोडणीच्या भाताला शिळाच भात हवा, ताज्याचा गिच्च गोळा होतो. खराब झालेल्याला वेगळे शब्द आहेत: दूध नासतं, वरण आंबतं, खोबरं खवट होतं, चिवडा सादळतो, पावाला बुरशी येते.

गंमत अशी, की त्या मुलाची चूक शब्दाच्या मुळाशी जाऊन भिडते. ‘शिळा’ आला संस्कृत ‘शीतल’वरून. प्राकृतात त्याचं ‘सीअल’ झालं, मधला ‘त’ गळला. मराठीत ‘ल’चा ‘ळ’ झाला, जसं फलचं फळ. म्हणजे मूळ अर्थ गारच! श्रावणातल्या शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं थंड अन्न खातात, तिथे दोन्ही अर्थ एकाच ताटात येतात.

रूपं सोपी आहेत. शिळा भात, शिळी पोळी, शिळं पाणी. पुढे प्रत्यय आला की शिळ्या भाताला, शिळ्या पोळीचा कुस्करा. अहल्येची शिळा वेगळी, ती ‘शिला’वरून आली. बातमीही शिळी होते, आणि मिटलेलं भांडण उकरून काढणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणं.

मात्र हा शब्द आपल्या घरच्या अन्नाला वापरावा, दुसऱ्यानं वाढलेल्याला नाही. तिथे ‘कालची आहे का?’ एवढंच पुरे. मंडईतही ‘भाजी शिळी आहे का?’ असं न विचारता ‘आजची आहे ना?’ विचारा.

सरावासाठी सकाळी फ्रिज उघडून मोठ्यानं म्हणा: शिळं वरण, शिळी उसळ, शिळ्या पोळ्या तीन. दह्यापाशी थांबा. दही शिळं नाही होत, आंबट होतं.