जिवाणूंकडून रेती, माती, काँक्रीट घट्ट करून घेताय? नागपुरात या चुका टाळा

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाची मुलं जिवाणूंवरचा प्रोजेक्ट घेतात, तेव्हा पहिली तक्रार बहुतेकांची सारखीच असते. रेतीत जिवाणूंचं द्रावण सोडून साचा उघडला की वरचा दोन बोटं थर कडक असतो आणि खालची रेती तशीच भुसभुशीत. मग दोष जिवाणूवर जातो आणि नवीन कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जिवाणू, मागवलं जातं. बहुतेक वेळा जिवाणू ठीकच असतो. चूक पाण्यात, मापात किंवा ओतण्याच्या पद्धतीत असते.

आधी हा जिवाणू करतो काय, ते नीट समजून घ्या. स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा जिवाणू युरिएज नावाचं एन्झाइम भरपूर बनवतो. या एन्झाइममुळे युरिया फुटतो, अमोनियम आणि कार्बोनेट तयार होतं आणि पाण्याचा पीएच ९ च्या आसपास चढतो. त्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम असेल तर कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीत असतं त्या कॅल्शियम कार्बोनेटचे, स्फटिक बसतात. हे स्फटिक रेतीचे कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे बसले, तर रेती बांधली जाते. भलतीकडे बसले तर नुसतं वजन वाढतं. स्फटिक कुठे बसतील, हे मात्र तुम्ही द्रावण कसं सोडता यावर ठरतं.

वर दगड, खाली रेती

जिवाणू, युरिया आणि कॅल्शियम क्लोराइड एकाच बादलीत कालवून ओतलं की हेच होणार. कॅल्शियम भेटताच जिवाणूंच्या गुठळ्या होतात, कॅल्साइट तोंडाशीच बसायला लागतं आणि आत जायची वाट बुजते. म्हणून टप्पे पाडा. आधी फक्त जिवाणूंचं द्रावण सोडा. मग अगदी सौम्य कॅल्शियम क्लोराइड, ०.०५ मोलर पुरे (मोलर हे द्रावण किती कडक याचं माप, ग्रॅमचा हिशेब पुढे आहे), म्हणजे जिवाणू कणांना चिकटून राहतील. थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच युरिया-कॅल्शियमचं मुख्य द्रावण सोडा.

हे मुख्य द्रावण जितकं कडक तितकी पकड चांगली, असं समजू नका. १ मोलरपेक्षा ०.२५ ते ०.५ मोलरने बंध जास्त सारखा बसतो.

वजनाचा हिशेब

०.५ मोलर म्हणजे लिटरला ३० ग्रॅम युरिया आणि कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, म्हणजे स्फटिकात पाणी असलेलं, असेल तर ७३.५ ग्रॅम. तुमच्या पिशवीवर निर्जल लिहिलं असेल तर ५५.५ ग्रॅमच लागतं. हा फरक न बघता वजन केल्याने पूर्ण मालिकेचे आकडे बिघडतात. शिवाय कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पिशवीतला माल वजनात भरतो, पण त्यात कॅल्शियम कमी असतं.

एवढ्या द्रावणातून लिटरमागे जास्तीत जास्त ५० ग्रॅम कॅल्साइट मिळू शकतं. एक लिटर रेतीच्या पोकळ्यांत साधारण ४०० मिलिलिटर द्रावण मावतं, म्हणजे एका भरणीत फार तर २० ग्रॅम. रेतीचं वजन दीड किलोच्या वर, तेव्हा हे प्रमाण जेमतेम सव्वा टक्का झालं. मोजता येईल अशी मजबुती साधारण ३.५ टक्क्यांपुढे दिसू लागते. म्हणजे सगळं आदर्श झालं तरी किमान तीन भरण्या, प्रत्यक्षात त्याहून जास्त. एका भरणीनंतर ‘काहीच झालं नाही’ म्हणून प्रयोग बंद करणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

युरियाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. कृषी केंद्रातली शेतीची गोणी आणू नका. तो अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं बेकायदा आहे. त्यावर कडुनिंबाच्या तेलाचं लेपनही असतं, ते प्रयोगात नकोच. टेक्निकल ग्रेडचा युरिया घ्या.

कल्चर गढूळ आहे, पण काम करतंय का?

गढूळपणा मोजला की जिवाणूंची संख्या कळते. त्यात मेलेले आणि आळसावलेलेही मोजले जातात. आपल्याला हवा आहे युरिया फोडण्याचा वेग. त्यासाठी कंडक्टिव्हिटी मीटर लागतो, तो महाग नाही. युरियाच्या द्रावणातून वीज जवळजवळ वाहत नाही. तो फुटला की आयन तयार होतात आणि आकडा चढतो. मिनिटाला १ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर चढ म्हणजे मिनिटाला सुमारे ११ मिलिमोलर युरिया फुटला. प्रत्येक बॅच वापरण्याआधी हे मोजाच. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-संग्रहांमधून आणलेलं शुद्ध कल्चर वारंवार पुढे वाढवताना क्षमता गमावू शकतं.

लॅबमधल्या आणखी दोन चुका. पहिली, जिवाणू वाढवायच्या माध्यमासोबत युरियाही ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालणं. उष्णतेने तो तिथेच फुटतो. जिवाणू घालण्याआधीच फ्लास्कमधून अमोनियाचा वास आला तर कारण हेच. युरिया गाळून निर्जंतुक करा आणि माध्यम थंड झाल्यावर मिसळा. दुसरी, जिवाणू फॉस्फेट बफरमध्ये धुणं. पुढे कॅल्शियम आलं की कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ बसतो आणि तो कॅल्साइट समजून मोजला जातो. साध्या मिठाच्या पाण्यात धुवा.

काळी माती

नागपुरात हा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला काळ्या मातीवर येतोच, आणि ते बरोबरच आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगणं, कंपाउंडच्या भिंती तिरप्या होणं, हे इथे घरोघरी माहीत आहे. पण कन्हान नदीच्या रेतीत जमलेली पद्धत काळ्या मातीवर जशीच्या तशी वापरणं ही सगळ्यात मोठी चूक. जिवाणू साधारण अर्धा ते तीन मायक्रॉनचा. चिकणमातीचे कणच दोन मायक्रॉनहून लहान, मग त्यांच्यामधल्या फटी किती असतील? वरून ओतलेले जिवाणू वरच अडकतात. ही माती कोरडी करून, बारीक फोडून, द्रावण मिसळून मग ठोकून बसवावी लागते.

काळ्या मातीत निष्कर्षाची फसगतही सर्वात जास्त होते. कॅल्शियम क्लोराइडचं नुसतं द्रावण दिलं तरी मातीच्या पापुद्र्यांमधल्या सोडियमची जागा कॅल्शियम घेतं आणि फुगणं कमी होतं. जिवाणूचा त्यात काही हात नसतो. पण अहवालात लिहिलं जातं, ‘जिवाणूंमुळे फुगवण घटली’. हे टाळायचं तर जिवंत जिवाणूंच्या नमुन्यासोबत आणखी नमुने हवेत. एक फक्त पाण्याचा, एक युरिया आणि कॅल्शियमचा पण जिवाणूंशिवाय, आणि एक उकळून मारलेल्या जिवाणूंचा. शेवटचा नमुना बहुतेक जण गाळतात. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा, कारण माध्यमातली प्रथिनं आणि मेलेल्या पेशीसुद्धा मातीला थोडी चिकटवतात.

विदर्भात याला एक चांगला पर्याय शेतातच आहे. सोयाबीनमध्ये युरिएज असतं आणि एन्झाइमचा रेणू जिवाणूपेक्षा कितीतरी पटीने लहान असतो, त्यामुळे बारीक मातीत त्याला जास्त वाव मिळतो. कळमना बाजारातून कच्चं सोयाबीन आणा, दळा, थंड पाण्यात भिजवा आणि गाळून तो अर्क ताजा वापरा. इथली नेहमीची चूक म्हणजे पशुखाद्याची पेंड वापरणं. पेंड बनवताना तिला मुद्दाम उष्णता देतात, त्यात युरिएज नष्ट होतं आणि ते नष्ट झालं की नाही हे कारखान्यात तपासतातही. भाजलेलं सोयाबीनही त्याच कारणाने निरुपयोगी.

एवढं करूनही घराच्या पायासाठी काळी माती स्थिर करायची असेल, तर आज मी चुन्याचंच नाव घेईन. जिवाणूंची पद्धत इथे अजून अभ्यासाच्या पातळीवर आहे.

फेस आला म्हणजे झालं?

नमुन्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचं, फसफसलं की कॅल्साइट तयार झालं असं लिहायचं. पण आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे मुळातच असतात आणि तेही तितकेच फसफसतात. उपचाराआधी त्याच मातीतलं कार्बोनेट मोजून ठेवा आणि फक्त वाढ धरा. विटेवर आलेल्या पांढऱ्या थराचंही तसंच. तो लोणा असू शकतो, म्हणजे सुकताना वर आलेले क्षार. पाण्याने धुतल्यावर गेला तर क्षार. राहिला आणि आम्लात फसफसला, तरच कॅल्साइट.

स्लॅबच्या भेगा

ताज्या काँक्रीटचा पीएच १२ च्या वर असतो. त्यात साधं कल्चर ओतलं तर ते टिकत नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या हेंक योंकर्स यांनी म्हणूनच बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू (त्यांचं टिकाऊ, सुप्त रूप) आणि कॅल्शियम लॅक्टेट भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र गोळ्यांत भरून वापरले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १०० दिवसांत ०.४६ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बुजल्या. पण त्याच प्रयोगात जिवाणू नसलेल्या काँक्रीटमध्येही ०.१८ मिलिमीटरपर्यंतच्या बुजल्या होत्या. तेव्हा केसासारखी भेग पाणी मारून बुजली तर श्रेय घाईने वाटू नका. पाया खचल्यामुळे उघडझाप होणाऱ्या भेगेवर हा इलाजच नाही, आधी इंजिनिअरला दाखवा.

सळ्या असलेल्या कामात कॅल्शियम क्लोराइड नको म्हणजे नकोच. क्लोराइड सळईला गंजवतं. लॅक्टेट किंवा नायट्रेट वापरा.

मे महिना

जिवाणू ३० अंशांच्या आसपास छान वाढतो. ४५ अंशांच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी वापरलं तर कल्चरचं नुकसान होतं, नमुना आत भिजण्याआधी वरून सुकतो आणि क्षार वर येतात. काम सकाळी करा, नमुना ओल्या गोणपाटाखाली ठेवा. डिसेंबरच्या पहाटे उलट होतं. प्रक्रिया मंदावते, तिथे वेळ वाढवा, द्रावणाचं प्रमाण नको.

अमोनियाचं पाणी

१०० ग्रॅम कॅल्साइट बनलं की सोबत जवळजवळ १०७ ग्रॅम अमोनियम क्लोराइड तयार होतं, म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागर. तो नमुन्यात राहिला तर वजन खोटं वाढतं, काँक्रीटला आणि सळईला त्रास होतो. बंद खोलीत अमोनियाने डोळे चुरचुरतात, खिडक्या उघड्या ठेवा. हे पाणी नालीत सोडलं तर ते नाग नदीत जाणार, आणि अंगणात ओतलं तर मातीत त्याचं नायट्रेट होऊन विहिरीत उतरणार. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी वेगळ्या कॅनमध्ये जमा करा. मॅग्नेशियम आणि फॉस्फेट घालून त्यातलं बरंच अमोनियम स्ट्रुव्हाइट नावाच्या न विरघळणाऱ्या खनिजाच्या रूपात खाली बसवता येतं. आणि नमुन्यातून बाहेर येणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी धुण्यासाठी वापरलेल्या पाण्याजवळ येईपर्यंत तो धूत राहा, मगच सुकवून दाबचाचणीच्या मशीनखाली ठेवा.