परदेशातला बस-रेल्वे प्रवास ऑनलाइन कसा आखावा

आधी रोमटूरिओ (Rome2Rio) या मार्ग शोधायच्या साइटवर दोन्ही गावांची नावं टाका. रेल्वे, बस, फेरी असे सगळे पर्याय एकत्र दिसतात. त्यातून मार्ग तेवढा घ्या, भाडं अंदाजे असतं.

पक्क्या वेळा गाडी चालवणाऱ्या कंपनीच्याच साइटवर बघा. युरोपात जर्मन रेल्वेचं डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅप शेजारच्या देशांतल्या गाड्याही दाखवतं. तिकीट मात्र सगळ्यांचं मिळत नाही. नाव सापडेना तर स्थानिक रूप टाका: व्हिएन्नाऐवजी वीन, फ्लॉरेन्सऐवजी फिरेन्झे. तारीख प्रवासाचीच हवी, कारण रविवारी गाड्या कमी असू शकतात आणि युरोपातलं वेळापत्रक डिसेंबरच्या मध्यावर बदलतं. त्यापुढची गाडी दिसली नाही म्हणजे ती बंद झाली असं नाही. बहुधा विक्रीच सुरू झालेली नसते.

खरा घोळ होतो तो गाडी बदलताना. लंडनची युरोस्टार रेल्वे पॅरिसला गार द्यू नोर स्टेशनवर येते, मार्सेयची गाडी गार द लिऑं या दुसऱ्या स्टेशनवरून सुटते. मधलं अंतर मेट्रोने किंवा आरईआर या उपनगरी रेल्वेने कापायचं, त्यामुळे हातात निदान दीड तास ठेवा. दोन सुटी तिकिटं असतील आणि पहिली गाडी रखडली, तर दुसरं तिकीट सहसा बुडतं. शक्य तिथे पूर्ण प्रवासाचं एकच अखंड तिकीट काढा, चार पैसे जास्त गेले तरी.

बसचा थांबा पुष्कळदा गावाबाहेर असतो. तिकिटावरचा पत्ता नकाशात टाकून बघा, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.