फोमच्या गाडीत कुठं लोखंडी पाइप, कुठं होज

वरुडकडं संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजच्या भिंतींवर पफ फोम, म्हणजे आत थंडावा टिकवणारा फेस, मारायचं काम मी करतो. फोमच्या मशीनसाठी गाडीत हवेची अन् रसायनाची लाइन टाकताना आधी एकच बघायचं: हा भाग हलतो का?

कॉम्प्रेसर हलतो. त्याच्या तोंडाशी दीड-दोन फूट रबरी होज हवीच. पहिल्या गाडीत मी थेट लोखंडी पाइप जोडला होता. पांदणीच्या रस्त्यानं आठ दिवस फिरलो अन् एल्बोच्या आट्यांजवळ केसाएवढी चीर पडली. साबणाचं पाणी लावलं, बारीक बुडबुडे आले, तेव्हा समजलं.

पुढं गाडीच्या भिंतीलगत पक्का पाइप. त्याला ड्रेन कॉककडं, म्हणजे पाणी सोडायच्या तोटीकडं, किंचित उतार द्या आणि फोम मारायच्या गनकडचा फाटा पाइपच्या वरच्या अंगानं काढा, म्हणजे हवेतलं साचलेलं पाणी गनपर्यंत जात नाही. ड्रेन रोज सकाळी उघडा, पावसाळ्यात दुपारीही. आणि राजेहो, शेतातला पीव्हीसी पाइप हवेला कधीच लावू नका. फुटला की काचेसारखे तुकडे उडतात.

फोमची दोन रसायनं, आयसोसायनेट अन् पॉलिओल, यांच्या ड्रमपासून मशीनपर्यंत मात्र होजच, कारण ड्रम बदलावे लागतात. आयसोसायनेटला ओल अजिबात चालत नाही. आत पांढरे खडे धरतात आणि फिल्टर तुंबतो. त्या बाजूला ओल न शिरू देणारीच होज घ्या. आयसोची लाल, पॉलिओलची निळी, ही खूण चुकवू नका. होज सोडायच्या आधी प्रेशर शून्यावर आणा, चष्मा-हातमोजे घाला. पत्र्याच्या धारेवरून होज जात असेल तिथं रबरी ग्रोमेट बसवा, आणि होज ताणून बसवू नका.