आधी वजाबाकी, मग बाळ

चाळीस वजा तीस. दुसरीतल्या पोराला येणारं हे गणित मला नोकरीच्या सातव्या महिन्यात जमलं नाही आणि त्याची किंमत गोव्यातल्या पेडण्याच्या एका आईने मोजली. फिजिओथेरपी करून नवजात बाळांच्या कामात येणाऱ्यांसाठी लिहिते आहे. एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, कसा असतो, इनक्युबेटर कसा असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे असं धरून चालते.

बाळ तिसाव्या आठवड्यात झालेलं. माझ्यासमोर आलं तेव्हा जन्माला पंधरा आठवडे झाले होते. कार्डावर 'साडेतीन महिने' लिहिलेलं. जनरल मूव्हमेंट्सचा कोर्स मी नुकताच केला होता, प्रमाणपत्राची शाई वाळायची होती. ऑस्ट्रियाच्या प्रेश्टलनी घडवलेली ही पद्धत: बाळाला हात न लावता, उताणं ठेवून, तीन-पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा आणि त्याच्या आपसूक हालचाली बघायच्या. तीन महिन्यांच्या आसपास मान, मनगटं, घोटे यांत सतत बारीक, गोलसर वळवळ दिसायला हवी. तिला फिजेटी म्हणतात. ती नसणं ही सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर येणाऱ्या कायमच्या मर्यादेची, मोठी धोक्याची खूण. मी व्हिडिओ तीनदा बघितला. वळवळ नाही. फाइलीत 'फिजेटी नाहीत' लिहिलं आणि आईला म्हटलं, "हालचाली हव्या तशा दिसत नाहीत, लक्ष ठेवावं लागेल."

नऊ दिवसांनी सीनियर मॅडमनी फाइल उघडली. व्हिडिओ लावण्याआधी त्यांनी विचारलं, "हे बाळ किती आठवड्यांचं?" मी म्हटलं, "पंधरा." त्या म्हणाल्या, "जन्मून पंधरा. आणि खरं?"

खरं म्हणजे पाच. पूर्ण दिवस म्हणजे चाळीस आठवडे; त्याला दहा कमी असताना ते बाहेर आलं, म्हणून पंधरातून दहा वजा. पाच आठवड्यांच्या बाळाला फिजेटी नसतातच. त्या वयात आळोखेपिळोखे दिल्यासारख्या, सगळं अंग सामावणाऱ्या संथ हालचाली असतात आणि त्या या बाळाच्या व्हिडिओत छान दिसत होत्या. फिजेटी शोधायच्या त्या दुरुस्त वयाच्या साधारण नवव्या ते विसाव्या आठवड्यात.

हे नऊ दिवस त्या आईने कसे काढले ते नंतर कळलं. चवथ आठवड्यावर आलेली, घरात माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताची, लगबग, आणि ही मोबाइलवर 'सेरेब्रल पाल्सी' टाइप करत बसलेली. आम्ही चूक सांगायला फोन केला तर ती पेडण्याहून म्हापशाला एक बस, तिथून पणजीला दुसरी करून आली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "म्हणजे मॅडम, नक्की ना?"

आता हे जरा जास्तच सोलून सांगते, कारण इथेच सगळे पडतात. प्रत्येक अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तीन वयं असतात. एक, जन्मताना किती आठवडे भरले होते. दोन, जन्मतारखेपासूनचं. तीन, दुसऱ्यातून अपुरे आठवडे वजा करून उरतं ते दुरुस्त वय. मेंदूच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंत तिसरं धरायचं. कारण साधं आहे. मेंदूच्या बहुतेक वळ्या गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. चौतिसाव्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या साधारण 65 टक्के असतं. पोटातलं काम बाहेर पुरं व्हायचं असतं आणि बाळ लवकर जन्मलं म्हणून ते काम घाईने उरकत नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, सगळीकडे वजाबाकी करायची नाही. लसी जन्मतारखेने. डोळ्यांच्या पडद्याची, म्हणजे आरओपी या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या विकाराची तपासणीही जन्मापासूनच मोजायची: चौतीस आठवड्यांच्या आतल्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळाची पहिली तपासणी चौथ्या आठवड्यात, अगदी लहान बाळांची त्याहून आधी. इथे 'दुरुस्त वय अजून शून्य आहे' म्हणून थांबलात तर दृष्टी जाऊ शकते. कान पहिल्या महिन्यात, आणि पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला नुसत्या ओएईवर, म्हणजे आतल्या कानाच्या चाचणीवर सोडू नका; आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी एबीआर हवीच.

मुळात 'तीस' हा आकडा कुठून आला, तेही बघा. पाळीच्या तारखेवरून की पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीवरून? लवकरची सोनोग्राफी असेल तर तीच धरा. घरच्यांच्या तोंडी हिशेबावर तर अजिबात जाऊ नका. 'सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही' हा समज आपल्याकडे अजून आहे. एका आजीने मला छातीठोकपणे सांगितलं, "सातव्या म्हयन्यांत जालें." कागद बघितले तर चौतीस आठवडे. तिने नातवाचा एक महिना प्रेमाने खाल्ला होता.

आता अ‍ॅपबद्दल. दुरुस्त वय काढणारी अ‍ॅप्स आहेत, चांगली आहेत, आणि पहिलं वर्षभर तुम्ही ती वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. हाताने वजाबाकी करा, फाइलीच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेनने लिहा, मगच बाळाकडे बघा. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांचंही तेच. जा, पण परत आल्यावर पन्नास व्हिडिओ कोणा जाणकाराबरोबर बसून बघेपर्यंत फाइलीत निदान लिहू नका. आणि 'मला बघूनच कळतं' म्हणणारा गुरू भेटला तर नमस्कार करून पुढे सरका. माझी खरी गुरू एक वॉर्डातली सिस्टर. त्या प्रकरणानंतर मी कुठल्याही बाळाजवळ गेले की पाठीमागून आवाज यायचा, "बाय, दीस मेजले गो?" म्हणजे, दिवस मोजलेस का गं?

व्हिडिओची एक गंमत. बाळ जागं, शांत, हातपाय उघडे, तोंडात चोखणी नाही, समोर खेळणं नाही. सोपं वाटतं. आमच्याकडे पावसाळ्यात बाळाला दोन स्वेटर आणि पायमोजे असतात, मनगटात काळे मणी, आणि कॅमेरा लावला की आजी चुटक्या वाजवते. बाळ आजीकडे बघायला लागलं की हालचाल बदलते, व्हिडिओ फुकट. मी आता आजीला आधी चहाला पाठवते.

घाबरलात? घाबरू नका. आकडा चुकला तर परत काढता येतो, आणि एका तपासणीवर कोणी बाळाचं भविष्य ठरवत नाही. मेंदूची सोनोग्राफी, डोक्याचा घेर, हाइन म्हणजे बाळाच्या हालचाली नि स्नायूंचा ताण बघणारी तपासणी, पुढच्या भेटी, सगळं एकत्र बघतात.

पण उलटी चूक माझ्या चुकीपेक्षा वाईट आहे. 'अपुऱ्या दिवसांचं आहे, मागे पडणारच' म्हणून वर्षभर वाट बघणं. दुरुस्त वय फक्त अपुरे आठवडे भरून देतं, त्यापलीकडे काही नाही. वर्षाच्या आतच बाळ एकाच हाताने सगळं धरतंय, एक मूठ उघडतच नाही, पाय कात्रीसारखे येतात, किंवा सुरुवातीच्या आठवड्यांत हातपाय नि धड एकदम ताठरून एकदम सैल पडतात: यातलं काही वजाबाकीत बसत नाही. त्याच आठवड्यात वरिष्ठांना दाखवा. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात सावंतवाडी-दोडामार्गाकडूनही बाळं येतात; लांबून येणाऱ्याला 'पुढच्या महिन्यात बघू' सांगण्याआधी त्याचा प्रवास आठवा.

आणि पांगुळगाडा. सगळ्यांच्या घरी माळ्यावर एक असतोच. नाही म्हणून सांगा, मामाने आणलेला असला तरी.

त्या पेडण्याच्या बाळाचा व्हिडिओ आम्ही दुरुस्त वयाच्या तेराव्या आठवड्यात परत घेतला. मनगटं फिरत होती, घोटे फिरत होते, मान बारीक डोलत होती. मी आवाज बंद करून चारदा बघितला. पहिल्या वाढदिवसाला त्याच्या आईचा फोन आला. मागे कोणीतरी विचारत होतं की वर्षाचा झाला तरी उभा कसा राहत नाही. फोन कानालाच ठेवून ती त्यांना म्हणाली, "केक वर्षाचा आहे हो, तो अजून पावणेदहा महिन्यांचाच आहे."