बुडापेस्टमधील साम्यवादी काळाच्या खुणा कशा पाहाव्यात

कोल्हापूरच्या शिवाजी चौकात आज महाराजांचा पुतळा आहे, तिथे पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. स्वातंत्र्यलढ्यात तो फोडला गेला आणि 1945 साली त्याच जागी महाराजांचा पुतळा उभा राहिला. हे ठाऊक असलेल्या माणसाला हंगेरीच्या राजधानीतला साम्यवादी काळ लवकर उमगेल, कारण तिथेही सत्ता कशी आली आणि कशी गेली हे पुतळ्यांच्या जागांवरून कळते. म्हणून सुरुवात संग्रहालयापासून न करता रस्त्यांपासून आणि चौकांपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

तयारी फारशी अवघड नाही. हंगेरीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांसाठीच्या सामायिक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तर बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागत असल्याने महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईची एक खेप गृहीत धरावी. हंगेरीचे चलन मात्र युरो नसून फोरिंट आहे.

पहिल्या दिवशी शहरातल्या मोठ्या उद्यानाच्या कडेला जावे. तिथे स्टालिनचा सुमारे आठ मीटर उंच ब्राँझचा पुतळा होता. 23 ऑक्टोबर 1956 रोजी साम्यवादी राजवट आणि सोव्हिएत वर्चस्व यांविरुद्ध उठाव सुरू झाला आणि लोकांनी तो पाडला, तेव्हा चौथऱ्यावर फक्त त्याचे बूट उरले. आता त्या जागी त्या उठावाचे पोलादी स्मारक आहे. तिथून संसदेसमोरच्या कोशुत चौकात यावे. 25 ऑक्टोबरला इथे निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. समोरच्या कृषी मंत्रालयाच्या भिंतीत गोळ्यांची आठवण म्हणून धातूचे लहान गोळे बसवले आहेत. घाईने चालणाऱ्याला ते दिसतही नाहीत, म्हणून भिंतीपाशी थांबून ते जवळून पाहावेत. 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी उठाव चिरडला आणि त्यानंतर सुमारे दोन लाख माणसे देश सोडून गेली.

यानंतरच आंद्राशी मार्गावरच्या 60 क्रमांकाच्या इमारतीत, म्हणजे 2002 साली सुरू झालेल्या ‘हाउस ऑफ टेरर’मध्ये जावे. सोमवारी ते बंद असते. आधी हंगेरीतल्या नाझी पक्षाचे आणि नंतर साम्यवादी गुप्त पोलिसांचे ठाणे याच वास्तूत होते. तळघरातल्या कोठड्या पाहून मन सुन्न होते. तरीही तिथली मांडणी साम्यवादी काळावर अधिक भर देते आणि ज्यूंच्या संहाराला त्या मानाने कमी जागा देते, अशी टीका इतिहासकारांनी केली आहे. ती ध्यानात ठेवूनच दालने पाहावीत आणि शक्य असल्यास ज्यू वस्तीतली स्मारकेही पाहावीत.

शहराबाहेरच्या मेमेंटो पार्कमध्ये हटवलेले साम्यवादी पुतळे 1993 पासून ठेवले आहेत. स्टालिनच्या त्या बुटांची प्रतिकृतीही तिथेच आहे. दोन तास पुरतात.

शेवटचा अर्धा दिवस शहराच्या पूर्वेकडील मोठ्या दफनभूमीसाठी राखावा. उठावाच्या काळातले पंतप्रधान इम्रे नॉज यांना 16 जून 1958 रोजी फाशी दिल्यानंतर काही काळाने त्यांना इथल्या 301 क्रमांकाच्या विभागात निनावी पुरले होते. बरोबर 31 वर्षांनी, 16 जून 1989 रोजी, हजारो लोकांच्या साक्षीने त्यांचा सन्मानाने पुन्हा दफनविधी झाला. हा विभाग प्रवेशद्वारापासून बराच आत आहे, त्यामुळे पाण्याची बाटली जवळ ठेवावी. तिथे कोरीव लाकडी खांब ओळीने उभे आहेत. प्रत्येक खांबापाशी थांबून त्यावरचे नाव वाचावे.