आभाळ भरून आलं की सोलरवाल्याचं काम सुरू होतं

जळगाव-धुळ्याकडे सोलर वॉटर हीटरच्या कामात नव्याने येत असाल, तर मे महिन्यात फोनची वाट बघू नका. 45 अंशांच्या उन्हात गरम पाणी हवंय कुणाला? फोन येतात जुलैत, सलग झड लागली की. "भाऊ, सोलर बंद पडला."

बहुतेक वेळा तो बंद पडलेला नसतो. थेट ऊन नसलं तरी ढगांतून विखुरलेला उजेड येतो आणि काचेच्या गोल नळ्या तो घेतात. दोन काचांमधल्या पोकळीत हवा नसते, म्हणून मिळालेली उष्णता वाऱ्याने जात नाही. जुनं सपाट पॅनल इथे मागे पडतं. तरी काळ्याकुट्ट दिवशी पाणी कोमटच राहतं. हे विकतानाच सांगा. "बाराही महिने कडक पाणी" म्हणून गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

गच्चीवर गेल्यावर नळ्यांची खालची टोकं बघा. चांगल्या नळीचं टोक चांदीसारखं चमकतं. दुधासारखं पांढरं पडलं असेल, तर आत हवा शिरली. थोडं ऊन असेल तेव्हा काचेवर हात ठेवा. चांगली नळी बाहेरून गार लागते, गेलेली नळी गरम. उन्हाळ्यात बाकीच्या नळ्या भागवून नेतात, दोष उघडा पडतो तो पावसाळ्यात. बोअरच्या पाण्याचा क्षारही तपासा, आपल्याकडे तो फार.

मग घरात विचारा. पाचोऱ्याकडच्या एका काकूंची सकाळच्या गार पाण्याची तक्रार होती. संध्याकाळी भांडी आणि कपडे त्याच पाण्यात निघत होते. जेवढं गरम पाणी काढलं तेवढं गार टाकीत शिरलं, आणि रात्री तापवणार कोण?

अशा दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल असते, तिचा हिशोब पाठच करा. 100 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला साधारण 0.116 युनिट लागतं. 30 वरून 42 अंशांवर न्यायला दीड युनिटही लागत नाही. 2 किलोवॉटची कॉइल ते पाऊण तासात करते. ती पहाटे लावायला सांगा. दुपारीच पाणी तापवून ठेवलं, तर जे थोडंफार ऊन येईल त्याला करायला कामच उरत नाही.

जुन्या गिऱ्हाइकांकडे मृग लागण्याआधी एक फेरी मारा आणि त्या फेरीत सगळ्यात आधी कॉइलचं अर्थिंग तपासा. वर्षभर न वापरलेली कॉइल लोक नेमकी पावसातच चालू करतात.