पोटोमॅकमध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहून फ्लाय रॉडनं स्मॉलमाउथ बास कसा पकडायचा

पहिल्यांदा नदीवर जाल तेव्हा रॉड गाडीतच ठेवा. मस्करी नाही करत. नुसते बूट घाला, हातात एक दणकट काठी घ्या आणि गुडघाभर पाण्यात अर्धा तास फिरून या. मी हे केलं नव्हतं. नवा रॉड, नवं रील, दोन आठवडे युट्यूबवर कास्टिंग, म्हणजे फ्लाय (पिसं-केस बांधून किड्यासारखा किंवा छोट्या माशासारखा केलेला गळ) कशी फेकायची ते बघून झालेलं, लँडरच्या बोट रँपला गाडी लावली आणि उत्साहात थेट कमरेभर पाण्यात शिरलो, आणि शेवाळलेल्या खडकावरून जो घसरलो तो टोपीसकट आत. फोन गेला, गाडीची किल्ली भिजली, बायको न्यायला आली ती घरी पोचेपर्यंत हसत होती. त्याहून वाईट म्हणजे ज्या पाण्यातून मी म्हशीसारखा खळबळ करत गेलो, मासे तिथेच होते, हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली.

तर हे सगळं मेरीलँड-व्हर्जिनियाच्या मधल्या पोटोमॅकबद्दल आहे, साधारण हार्पर्स फेरीला शेनंडोह नदी येऊन मिळते तिथपासून खाली ब्रन्सविक, लँडर, पॉइंट ऑफ रॉक्स, मोनॉकसी नदीच्या मुखापर्यंतचा पट्टा. आपली बरीच मंडळी अॅशबर्न, हर्नडन, जर्मनटाउनला राहतात, म्हणजे तासाभराच्या आतली नदी, आणि तरी बहुतेकांनी ती फक्त पुलावरून बघितलेली असते. स्मॉलमाउथ तसा इथला मूळचा नाही. तो ग्रेट लेक्स आणि ओहायो-मिसिसिपीच्या खोऱ्यातला. १८५४ साली ओहायो नदीकाठच्या व्हीलिंगकडचे मासे रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून पोटोमॅकवर बऱ्याच वर असलेल्या कंबरलंडला आणून सोडले आणि तिथून ते सगळ्या पोटोमॅकभर पसरले. म्हणजे तोही बाहेरून येऊन इथे सेटल झालेला, त्यामुळे मला त्याच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे.

ओळखायला सोपा. रंग पितळेसारखा, अंगावर उभे गडद पट्टे, डोळे बऱ्याचदा लालसर, आणि तोंड मिटलेलं असताना जबडा डोळ्याच्या मागे जात नाही. जबडा मागे गेला तर तो लार्जमाउथ, त्याचा मोठ्या तोंडाचा भाऊबंद. एक फुटाचा व्हायला त्याला साधारण चार वर्षं लागतात, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लायसन्स आधी काढा, ऑनलाइन दहा मिनिटांचं काम आहे. नदी मेरीलँडची आहे पण मुख्य पात्रात व्हर्जिनियाचं लायसन्सही चालतं. १६ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. १ मार्च ते १५ जून हा विणीचा काळ, तेव्हा पकडलेला बास परत सोडावाच लागतो. नर घरट्यावर पहारा देत बसतो, त्याला उचलला की बाकीचे मासे अंडी खाऊन टाकतात, त्यामुळे मी तर तेव्हा घरटी दिसली की तिथून निघूनच जातो.

आता पाणी. निघायच्या आधी यूएसजीएसच्या (अमेरिकी सरकारचं भूगर्भ सर्वेक्षण खातं) साइटवर पॉइंट ऑफ रॉक्सचा गेज, म्हणजे नदीची पातळी आणि प्रवाह मोजणारं यंत्र, बघायचा, ही सवय लावून घ्या, दूध उतू जातंय का बघतो तितक्या सहज. माझा स्वतःचा नियम असा की प्रवाह सेकंदाला ३००० घनफुटांच्या वर असेल तर मी पाण्यात उतरत नाही, काठावरूनच टाकतो किंवा घरी बसतो. नुसता आकडा बघून भागत नाही, आलेख चढतोय की उतरतोय तेही बघा. वर कंबरलंडकडे किंवा शेनंडोहच्या खोऱ्यात जोरात पाऊस झाला की इथे कडक ऊन असतानाही पाणी चढतं. पाण्याचा रंग दुधाच्या चहासारखा झाला की सरळ परत फिरा, मासाही दिसत नाही आणि खड्डाही. आणि ग्रेट फॉल्सच्या जवळपास पाण्यात उतरायचा विचारसुद्धा नको, तिथल्या पार्कमध्ये पाण्यात उतरायला बंदीच आहे, वरून पाणी संथ दिसतं आणि खाली ओढ भयानक असते.

बुटांवर पैसे घाला, रॉडवर वाचवले तरी चालतील. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रबरी वेडर, म्हणजे पाणी आत न येणाऱ्या उंच पँटी, लागतच नाहीत, पटकन वाळणारी पँट, जाड मोजे आणि पाण्यात चालायचे वेडिंग बूट पुरे. बुटाचा तळ रबराचा हवा. फेल्टचा, म्हणजे नमद्यासारखा तळ शेवाळावर छान पकडतो खरा, पण त्यातून डिडिमो नावाचं शेवाळ एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं म्हणून मेरीलँडने २०११ पासून त्यावर बंदी घातलीय. जुने बूट सेकंडहँड घेताना हे बघून घ्या. चप्पल, क्रॉक्स घालून येणारे बघितलेत मी, त्यातली एक चप्पल नेहमी वॉशिंग्टनकडे वाहत जाते.

चालायची पद्धत: प्रवाहाकडे तोंड नाही, कूस करून उभं राहायचं, म्हणजे अंगाचा कमी भाग पाण्याला लागतो. काठी पाणी येतं त्या बाजूला टेकवायची. पाय उचलून टाकायचा नाही, घासत सरकवायचा, अंधारात लाइट गेल्यावर आपण स्वयंपाकघरात पाय सरकवतो ना, तसा. एक पाय पक्का टेकल्याशिवाय दुसरा हलवायचा नाही. पोटोमॅकचा तळ म्हणजे आडवे खडकांचे पट्टे आणि मधे अचानक चर, गुडघाभर पाणी एका पावलात छातीभर होतं. पाणी गडद हिरवं दिसलं की थांबा. मांडीच्या वर पाणी गेलं की मी मागे फिरतो. लाइफ जॅकेट घाला, लाजू नका, हल्ली कमरपट्ट्यासारखी हवेने फुगणारी मिळतात. आणि पडलात तर उभं राहायची घाई नको, पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला, आणि हळूहळू काठाकडे सरकायचं. जोराच्या पाण्यात उभं राहायला गेलं आणि पाय दोन दगडांमध्ये अडकला की पाणी माणसाला खाली दाबतं, चांगले पोहणारेही असेच जातात.

शक्यतो एकटे जाऊ नका. गेलात तर घरी कुठे उतरणार ते सांगून जा.

सामान फार लागत नाही. ९ फुटी ६ वेटचा रॉड (वेट म्हणजे तो किती जड लाइनसाठी आहे तो आकडा), वेट-फॉरवर्ड फ्लोटिंग लाइन, म्हणजे पुढच्या टोकाकडे वजनदार असलेला तरंगता जाड दोरा, आणि तिच्या टोकाला ९ फुटांचा लीडर, म्हणजे बारीक पारदर्शक दोरा, ज्याचं टोक ८ पौंडांचा ताण सोसणारं. रील इथे फक्त दोरा गुंडाळायला आहे, महाग घेऊ नका. डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल आणि डोक्यावर टोपी हवीच, कारण गळ तुमच्या कानापासून वीतभर अंतरावरून दोनदा जाणार आहे. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाका, माझ्या कानाच्या पाळीतून एकदा असा चेपलेला गळ तीन सेकंदात निघाला, चेपलेला नसता तर थेट इमर्जन्सी.

लहानपणी कराडला संगमावर आम्ही गळ टाकायचो तेव्हा दोऱ्याला शिसं बांधलेलं असायचं, ते शिसं फेकायचं आणि दोरा त्याच्यामागे जायचा. फ्लायमध्ये उलटं आहे. फ्लायला वजन जवळपास नसतं, लाइनच जाड आणि वजनदार असते, आपण लाइन फेकतो आणि फ्लाय तिच्यामागून जाते. म्हणून मागे लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावं लागतं. सगळे नवे लोक इथेच घाई करतात. मान वळवून मागे बघा, लाइन सरळ झाली की मगच पुढे आणा. पुढे आणताना हळू सुरुवात, वेग वाढवत न्यायचा आणि एकदम थांबायचं, हाताला लागलेलं पीठ झटकताना शेवटी हात जसा झटकन थांबतो ना, तो थांबा हवा. ताकद लावली की लाइनचा गुंता होतो. घराच्या मागच्या लॉनवर फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून आठवडाभर प्रॅक्टिस करा, शेजारी बघतील, बघू दे.

आणि लांब फेकायच्या नादी लागू नका. तीस फूट म्हणजे भरपूर झालं. स्मॉलमाउथ तुमच्या पायाजवळच असतो, सकाळी सकाळी तर काठाजवळच्या गवताला चिकटून, हातभर पाण्यात. म्हणून पाण्यात पाय टाकायच्या आधी काठावर थांबून समोरच्या दहा फुटांत चार कास्ट करायचे. मग दोन पावलं आत, पुन्हा चार कास्ट.

मासा कुठे बसतो हे एकदा डोळ्यात बसलं की अर्धं काम झालं. त्याला पळतं पाणी हवं, कारण खाणं त्यातून येतं, पण त्याला स्वतः पळत्या पाण्यात उभं राहायचं नसतं. दुपारच्या जेवणाला स्टेशनबाहेरच्या टपरीच्या आडोशाला उभ्या राहणाऱ्या माणसासारखं त्याचं आहे, गर्दी समोरून वाहतेय आणि हा निवांत. म्हणून मोठ्या दगडाच्या मागचा शांत तुकडा, दगडाच्या पुढची पाण्याची उशी (ही लोक विसरतात), खडकाच्या पट्ट्यामागचा चर, जोराचं आणि संथ पाणी जिथे घासतं ती फेसाची रेघ. फ्लाय त्या रेघेच्या वर टाकायची आणि वाहत रेघेत येऊ द्यायची.

कुठली फ्लाय? दुकानात गेलात तर दोनशे दिसतील. चार घ्या. पहिली क्लाउझर मिनो, छोट्या माशासारखी दिसणारी, ही शेजारच्या पेनसिल्व्हेनियात बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात सस्क्वेहॅना नदीच्या स्मॉलमाउथसाठीच बनवली आणि तिचं नाव आपल्या इथल्या फ्रेडरिकमध्ये जन्मलेल्या, फ्लाय फिशिंगमधलं मोठं नाव असलेल्या लेफ्टी क्रे यांनी ठेवलं. डंबेलसारखे शिशाचे डोळे गळाच्या पाठीवर बांधलेले असतात त्यामुळे ती पाण्यात उलटी होते, गळाचं टोक वर राहतं आणि दगडात कमी अडकते. पांढरा-पोपटी रंग घ्या. दुसरी क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला बोटभर शेवंडच, तपकिरी रंगात, तळाला घासत आणायची, मोठे मासे याच्यावरच. तिसरा काळा वूली बगर, केसाळ अंगाची, पिसांच्या शेपटीची फ्लाय. चौथा पॉपर, पाण्यावर तरंगणारा, पहाटे आणि संध्याकाळसाठी.

क्लाउझर आणताना लाइन वीत-वीतभर झटक्याने ओढायची आणि मधे थांबायचं, थांबल्यावर ती खाली बसत जाते आणि मासा बहुतेक वेळा तेव्हाच घेतो. पॉपर टाकला की काहीही करू नका. पाण्यावरची वर्तुळं विरू द्या. मग एक हलका झटका, पुन्हा थांबा. मला हे थांबणं अजून जमत नाही.

मासा लागला की रॉड वर उचलायचा मोह होतो, संगमावर आम्ही तेच करायचो. इथे रॉडचं टोक खालीच ठेवून डाव्या हाताने लाइन खसकन मागे ओढा, गळ बसला की मग रॉड वर. रॉड आधी उचलला तर चुकलेली फ्लाय पाण्याबाहेर येते आणि मासा दुसऱ्यांदा वळत नाही. लागल्यावर तो उडी मारणारच, एकदा नाही तीनदा, तेव्हा रॉड जरा झुकवून ढील द्या.

हात ओला करून धरा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. खालच्या ओठात अंगठा घातला की शांत होतो, पण मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या. फोटो काढायचा तर आधी फोन तयार ठेवा. मग पाण्यात सरळ धरून तो स्वतः निसटेपर्यंत थांबायचं. आई फोनवर दरवेळी विचारते, सोडून देतोस तर पकडतोस कशाला रे, आणि मी दरवेळी काहीतरी पुटपुटतो. चार वर्षांचा मासा आहे हे सांगितलं तर म्हणते, मग चांगला मोठा असेल की, कालवण झालं असतं.

कधी जायचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये दिवस उगवताना नाहीतर मावळताना. भर दुपारी मासाही सुस्त आणि तुम्हीही. आणि जुलै अखेर ते ऑगस्टमधली एखादी वारा नसलेली संध्याकाळ धरून ठेवा, सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पाण्यातून पांढरे किडे वर यायला लागतात, व्हाइट मिलर म्हणतात त्यांना, आधी दोन-चार, मग बघता बघता बर्फ पडतोय असं वाटावं इतके, टोपीवर, चष्म्यावर, शर्टाच्या आत. सगळी नदी टपटप वाजते, ते मासे वर येत असतात. तेव्हा छोटी पांढरी फ्लाय लावा, पाण्यावर नुसती वाहू द्या. फक्त एक करा, हे सुरू व्हायच्या आधीच काठाजवळ, ओळखीच्या उथळ जागी येऊन उभे राहा आणि हेडलँप गळ्यात असू द्या, कारण त्या गडबडीत अंधार कधी झाला कळत नाही आणि परत यायची वाट त्याच शेवाळलेल्या खडकांवरून असते.